किड्यांचा वानवळा

आई, आपल्या निमोण्याच्या बांधावर आता गाजर गवत जवळजवळ उरलेलं नाही, हे सांगितलं असतं तर तू हसली असतीस. तू होतीस तेव्हा ते कमरेएवढं असायचं. शेवंतीत ते शिरू द्यायचं नाही असा तुझ्या थोरल्या दिरांचा, आप्पांचा हुकूम, म्हणून तू उघड्या हातांनी उपटायचीस. संध्याकाळी चुलीपुढं बसलीस की मनगटांवर, मानेवर पुरळ उठलेलं असायचं. कातडी तडकून काळी पडली होती. पिठानं आग होते म्हणून पीठ मी मळून द्यायचो, पण थापायचीस तूच, कारण माझ्या भाकरीच्या कडा फुटायच्या. मग दम लागायला लागला. दवाखान्यात दमा म्हणाले. तू म्हणायचीस, छातीत गवत शिरलंय. मी सहावीत होतो. तू गेल्यावर कितीतरी वर्षं मी त्या गवताला नुसत्या लाथा घालत होतो. लाथेनं बी आणखी लांब पडतं, हे मला कुठं माहीत.

गेल्या पावसाळ्यात काकू बचत गटातून एक बरणी घेऊन आल्या. झाकणाला दाभणानं भोकं पाडलेली, आत ज्वारीच्या दाण्यापेक्षा जरासे मोठे किडे. दुधी पाठ, तिच्यावर तपकिरी रेघा, कुणी बारीक ब्रशनं ओढल्यासारख्या. मेक्सिकन भुंगे म्हणतात. परक्या मुलखातून आलेलं गवत, त्याला खाणारा किडाही तिकडचाच. गटाला शिकवायला आलेल्या मॅडमनी नियम घालून दिला होता: किडे सोडायचे, आणि दर रविवारी त्याच जागेचा फोटो, शेजारी आपला हात ठेवून, ग्रुपवर टाकायचा. गवत किती राहिलं, किडे शेजारच्या पिकावर गेले का, सगळ्या गावांनी मिळून बघायचं.

आप्पांनी दुसऱ्याच दिवशी फवारणीचा पंप पाठीवर घेतला. "किडा तो किडाच. आज गवत खातोय, उद्या माझी शेवंती खाईल." मी आडवा गेलो. ते म्हणाले, "कॉलेज सोडलं ते ह्याच्यासाठी व्हय रं? किडं राखायला?" माझं डोकं तुला माहीत आहे. पंपाचा नोझल उपटून विहिरीत भिरकावला. आप्पांचा हात वर गेला, तेवढ्यात काकू मधे आल्या. "अवो, भांडताय काय? शेवंतीचं एक रोप मच्छरदाणीत कोंडा, आन् किडं तिच्यासंगं ठेवा. आठ दिवसांत कळंल, नांदतंय का न्हाई."

आप्पा रोज सकाळी उकिडवे बसून जाळीत बघायचे. किडे पानावर चढायचे, फिरायचे, उतरायचे, जाळीला चिकटून गवताकडं तोंड करून बसायचे. शेवंतीच्या एका पानाला भोक पडलं नाही. "न्हाई नांदत," आप्पा शेवटी म्हणाले. "सोड त्यांना. मरतील उपाशी." मी जाळी उचलली आणि मागं वळून बांध बघितला. आई, मी तिथंच बसलो. बाकीचे किडे जिथं सोडले होते, तिथल्या कमरेएवढ्या गवताच्या नुसत्या काड्या उभ्या होत्या. फूल नाही, बी नाही. माणसाच्या अंगाला आग लावणारं पान हा एवढासा जीव शांतपणे, कडेकडेनं कातरत आत चालला होता. तुझी सगळी खुरपणी डोळ्यांपुढून गेली.

थंडी पडली आणि किडे दिसेनासे झाले. मला वाटलं, संपले. काकू म्हणाल्या, मातीत निजलेत. खरंच, यंदा पाऊस मुरल्यावर ढेकळं फोडून ते वर आले, तशाच रेघा घेऊन. इतके, की काकू म्हणाल्या, आता वानवळा द्यायचा. आपण पहिला शेवगा, पहिला हुरडा द्यायचो, तसे किडे. एक बरणी कवठे येमाईला त्यांच्या माहेरी गेली. एक वरवंडला, ताईच्या सासरी. ती आप्पांनी स्वतः भरली आणि माझ्या हातात दिली.

वरवंडचं नाव ऐकून माझं काय झालं ते फक्त तुलाच सांगतो. शिरूरला कॉलेजात एक मुलगी होती, मामाकडं राहायची. तिच्यावरून एकजण वाकडं बोलला, मी त्याचं नाक फोडलं. ऑफिसात बोलावलं, तेव्हापासून मी कॉलेजात परत गेलोच नाही. ती एवढंच म्हणाली, "माझ्यासाठी मारामारी कुणी सांगितली होती तुला?" आणि बोलणं बंद. ती वरवंडची, ताईच्याच गल्लीतली.

न्हावरा, चौफुला करत गाडी मारली. वाटेत तुझं बोलणं आठवत होतं. लहानपणी एकदा शेजारच्या पोराशी भांडून आलो होतो आणि तू मला त्याच्याच घरी हुरडा घेऊन पाठवलंस. "तोंड वाकडं करून दिलेला वानवळा लागत न्हाई. हसून दे." ताईच्या ओट्यावर बायका जमल्या होत्या, त्यांत ती. तिनंच झाकण उघडलं. एक किडा तिच्या बोटावर चढला.

"चावतो का रे?"

"न्हाई. गवत सोडून कुणाच्या वाटंला जात न्हाई."

"मग तुझ्यापेक्षा बराय."

बायका हसल्या. मी पण हसलो, आई. रागच आला नाही. निघताना तिनं बरणी परत दिली, तळाला मूठभर भाजलेल्या शेंगा घालून. वरवंडचा फोटो मी टाकीन, असं तिनं ताईला सांगितलं. मला काही नाही.

आता दर रविवारी ग्रुपवर तिचा फोटो येतो. रस्त्याकडंचं गवत, त्याच्याशेजारी तिचा हात. काकू विचारतात, वरवंडचं किती खाल्लं रं? मी म्हणतो, खातायत. खरं सांगू का, मी गवताकडं बघतच नाही. फोटो मोठा करतो आणि तिचं मनगट बघतो. अजून तरी पुरळ नाही.