सर्व क्षेम दाखवणारं पान

तासगाव

तीर्थस्वरूप सुमंतदादास,

धाकट्या बहिणीचा तासगावहून वाकून नमस्कार. वहिनींच्या पाठीला आराम पडला का? तुझ्या वाईच्या कॉम्प्युटर क्लासमधला पंखा दुरुस्त झाला, की मुलं अजून वह्यांनीच वारा घेतात? इकडे आम्ही सगळे खरोखर बरे आहोत. (खरोखर का म्हटलं, ते पुढे कळेल.) फोन सोडून पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तुझे आभार मानता येत नाहीत. मी सुरुवात केली की तू "बरं बरं, ठेवतो" म्हणतोस. पत्र मधेच ठेवून देता येत नाही. म्हणजे येतं, पण मला कळत नाही.

आमच्या बेदाणा वाळवायच्या शेडसाठी हवामान दाखवणारं इंटरनेटवरचं पान करायला तू मला फोनवरून शिकवलंस, ते आठव. हवामानाची माहिती फुकट देणारी एक सेवा आहे, तिच्याकडे आपल्या पानाने निरोप धाडायचा, उत्तर येईपर्यंत थांबायचं आणि आलेलं उत्तर चौकटींत नीट वाढायचं, एवढीच ती गोष्ट. पण थांबायचं कोडमध्ये लिहावं लागतं, हे मी विसरले आणि पहिल्या दिवशी चौकटींत तापमान नाही, वारा नाही, पाऊस नाही, नुसतं 'ऑब्जेक्ट प्रॉमिस' असं उमटलं. मामंजींनी प्रॉमिस म्हणजे काय ते यांना, वीरधवलना, विचारलं. हे म्हणाले, वचन. मामंजी खूश. वचन दिलंय म्हटल्यावर मशीन शब्दाला जागेल, असं म्हणून ते चहा प्यायला गेले. पुढे तुझ्या कृपेने आकडे आले आणि माझी घरातली पत एकदम वर गेली. लग्न होऊन आल्यापासून मला "शिकलेली हाय" एवढंच म्हणणारे मामंजी शेजारच्या शेडवाल्यांना बोलावून "आमच्या सूनबाईनं केलंय" म्हणून पान दाखवू लागले. दादा, मला फार बरं वाटलं रे. ते बरं वाटणंच नडलं.

उत्तर आलं नाही, तर पानावर स्पष्ट 'माहिती मिळाली नाही' असं लिहायचं, हे तू मला दोनदा बजावलं होतंस. मी लिहिलंही होतं. पण सासूबाईंनी ते एकदा पाहिलं. आता तुला माहीत आहे, आमच्याकडे कुणी घरातून 'जाते' म्हणून निघत नाही, 'येते' म्हणून निघतं. बांगडी फुटत नाही, वाढते. दिवा विझत नाही, शांत होतो. (मागे घरातला गॅस संपला, तेव्हा कुणीच तसं म्हणेना म्हणून अर्धा दिवस स्वयंपाक रखडला होता.) अशा घरात सकाळी उठून पहिलं दर्शन त्या पानाचं, आणि त्यावर 'नाही'! "माल जाळीवर पडलाय पोरी, आन तू न्हाई म्हून काय लिवतीस?" असं त्यांनी विचारलं. मी तिथे 'सर्व क्षेम' असं लिहून टाकलं. सासूबाईंनी समाधानाने पानाला हात जोडले.

मग मामंजींनी ते पान गावातल्या सगळ्या शेडवाल्यांना वाटलं. आता चुलीला फुंकर घालावी तसे सगळेजण ते सारखं ओढून ताजं करत बसले. फुकटची सेवा दिवसाला ठरावीकच उत्तरं देते, तेवढी झाली की दार लावून घेते. त्या दिवशी सकाळीच दार लागलं. घरचे म्हसवडला सिद्धनाथाच्या दर्शनाला निघालेले. निघताना मामंजींनी पान पाहिलं. तापमान : सर्व क्षेम. वारा : सर्व क्षेम. पाऊस : सर्व क्षेम. झालं! वारं खेळू दे म्हणून शेडचे चारी बाजूंचे पडदे वरपर्यंत गुंडाळायला लावले आणि मंडळी निघाली. मी दशम्या बांधून देण्यात गुंतले होते, पान पाहिलंच नाही. वर्षभराची बाग द्राक्षं होऊन त्या जाळ्यांवर पसरलेली होती आणि तिला पाणी लागलं की बेदाणा काळा पडतो, हे मी तुला सांगायला नको.

आणि तेवढ्यात तुझा फोन! तू वर्गातल्या मुलांना कौतुकाने बहिणीचं पान उघडून दाखवत होतास म्हणे. नमस्कार नाही, चमत्कार नाही, एकदम "वाऱ्याच्या चौकटीत क्षेम कोण लिहितं गं? तासगावला पाऊस दाखवतायत, आधी पडदे सोड!" असं ओरडलास. बाहेर येते तर पश्चिमेला सगळं काळंभोर. शेडवर कामाला असलेल्या दगडाबाई आणि बेदाणा निवडायला आलेल्या बायका, सगळ्या मिळून आम्ही पडदे सोडले, दोऱ्या बांधल्या, आणि शेवटची गाठ मारतोय तोवर अवकाळी कोसळला. पत्र्यावर असा आवाज की मी रडत होते, ते कुणाला ऐकूच गेलं नाही. माल वाचला, दादा. तुझ्यामुळे वाचला. मामंजींसमोर मान वर करून उभी राहू शकते, ती तुझ्यामुळे.

ते संध्याकाळी परतले, ओलं अंगण आणि कोरडा माल पाहिला आणि म्हणाले, "क्षेम लिवलं हुतं, क्षेमच निघालं की!" ते आता पानाचीच आरती करतील असं दिसल्यावर मी सगळं खरं सांगून टाकलं. मग म्हणाले, "म्हंजी वाईच्या पाव्हण्यांनी वाचिवलं म्हण की." रागावले नाहीत. तुला बेदाणा पाठवायला त्यांनीच सांगितलं. वीरधवल पुण्याला जाताना वाईला उतरून पिशवी देतील.

वहिनींना नमस्कार, मुलांना पोटभर आशीर्वाद. तुझे उपकार न विसरणारी,

श्रद्धा

ता. क. : पिशवीत तळाशी थोडा काळपट बेदाणा असेल. कडेच्या जाळीवर शिंतोडे आलेच होते. वहिनींना खिरीत घालायला सांग, खिरीत कळत नाही.

आणखी एक : 'सर्व क्षेम' काढून टाकलं आहे. पण 'नाही' लिहायला सासूबाई अजून तयार नाहीत. म्हणून मामंजींनी तोडगा काढला. सेवेचं उत्तर आलं नाही की पानावर आता 'वाईच्या सुमंतरावांना विचारा' असं येतं आणि खाली तुझा नंबर. कालच लावला. सेवा रोज सकाळीच दार लावते आणि गावात शेड पुष्कळ आहेत, तेव्हा द्राक्षांचा हंगाम संपेपर्यंत फोन उचलशील ना? नंबर लावण्याआधी दादाला विचारायला हवं, असं मी म्हटलं होतं. मामंजी म्हणाले, "आपलंच पाव्हणं हायती, त्यांस्नी काय इचारायचं?"