आजोबांचं गेज आणि बिनझाकणाची मीठदाणी

ती. आर्डिस आत्यास,
सिग्नेचा नमस्कार.

आधी घडलेलं क्रमाने लिहिते.

१. जूनमध्ये बाबांनी मला गॅरेजमधलं काडतुसं भरायचं टेबल आवरायला सांगितलं.
२. मी आवरलं.
३. सोळा वर्षं अर्ज केल्यावर यंदा सोडतीत बाबांना एल्क हरणाच्या शिकारीचा परवाना लागला.
४. आजोबांची रायफल न्यायचं ठरलं. चाळीस काडतुसं भरली.
५. नेमबाजीच्या मैदानावर एकाही काडतुसावर रायफलीचा बोल्ट, म्हणजे काडतूस आत लोटून बंद होणारा दांडा, मिटला नाही.
६. काडतूस मापात आहे का ते पाहायचं आजोबांचं गेज सापडत नाही.
७. संशय लेलंड मामावर आहे.
८. हंगाम शनिवारी, २५ ऑक्टोबरला उघडतो.

तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? वाढदिवसाचा फोटो मिळाला. केक छान दिसतो आणि टेबलाची मांडणीही. बाबांनी तो फ्रिजवर लावला आहे, अगदी डोळ्यांसमोर. दूध काढायला गेलं की तुझी भेट होते. (मी हल्ली दूध कमी पिते.)

आता सविस्तर. टेबल आवरायचं काम बाबांनी मला दिलं, कारण मी कारखान्यात मोजमापाच्या खोलीत काम करते. आमच्याकडे विमानांचे भाग तपासतात आणि नियम साधा आहे: ज्या वस्तूवर आकडा नाही, तपासणीची तारीख नाही, ती मोजमापाचं साधन नाही, ते लोखंड आहे. त्या टेबलावर आजोबांचा आणि बाबांचा मिळून पन्नास वर्षांचा संसार होता. मी एकतीस वस्तू वेगळ्या काढल्या. काडतुसाची लांबी मोजायचं कॅलिपर, गोळीचं टोक कुठवर येतं ते पाहायचं साधन, वजनाचा काटा, असं करत तीस वस्तू ओळखून प्रत्येकीला चिठ्ठी लावली. (एकतिसावीकडे नंतर येते.) बाबा दारात उभं राहून म्हणाले, “दवाखान्यासारखं दिसतंय.” मी ती स्तुती समजले.

उडालेल्या काडतुसाचा पितळी कोश फुगतो, तो दाबून पुन्हा मापात आणतात आणि मग गेजमध्ये टाकून पाहतात, हे तुला लहानपणापासून माहीत आहे. मी नवं गेज आणलं होतं, छापील आकड्यांचं, तोंडाशी दोन पायऱ्या असलेलं. कोशाचं बूड त्या दोन पायऱ्यांमध्ये राहिलं की तो पास. चाळीसच्या चाळीस पास झाले. मी वहीत तसं लिहिलंही. मैदानावर बाबांनी पहिलं काडतूस घातलं, बोल्ट पुढे ढकलला आणि तो तिथेच थांबला. दुसऱ्याचं तेच. सातव्यानंतर त्यांनी काडतुसं परत डब्यात ठेवली. बोलायचं काम मामाने केलं.

“काय गं सिग्ने, वहीत पास आणि बंदुकीत नापास? तुमची विमानं उडतात की नुसती कागदावर असतात?”

कारण मी त्याच संध्याकाळी शोधलं. आजोबांनी त्या रायफलीचं चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती पोकळी, स्वतः कोरलं होतं आणि ते नेहमीच्या मापापेक्षा चार थाऊ, म्हणजे इंचाचे चार हजारांश, आखूड आहे. चूक म्हणून नव्हे, त्यांना तसंच हवं होतं. ज्या हत्याराने चेंबर कोरलं त्यानेच त्यांनी एक गेजही कोरलं. त्यावर आकडा नाही, पायऱ्या नाहीत. कोश आत टाकायचा आणि कडेवरून नख फिरवायचं. नख अडलं नाही की काडतूस चांगलं. बाबांच्या मते त्या नखाची बरोबरी कोणत्याही कारखान्याला येणार नाही. (नखाच्या तपासणीची तारीख कोण ठेवत होतं, हे मी विचारलं नाही.)

तर ते गेज नाही. टेबलावर नाही, खाली नाही, माझ्या तीस चिठ्ठ्यांमध्येही नाही. बाबांनी मामाकडे पाहिलं.

“ट्राउट मोजायला माझं कॅलिपर कोणी नेलं होतं?”

“दाजी, ते एकदाच! आणि मासा खरंच तेवढा होता.”

“कॅलिपरला अजून वास येतो.”

मग बाबांनी माझ्यासमोर जाहीर केलं की यंदा मामाला तंबूत जागा नाही. आई गेल्यापासून तंबूतला स्वयंपाक मामाच करतो, म्हणजे ही शिक्षा तशी दोघांनाही आहे. मामा माझ्याकडे पाहत म्हणाला, “निर्दोष माणसाला असंच भोगावं लागतं गं.” ते त्याने तीन वेळा म्हटलं. मला ते जरा जास्त वाटलं.

मी उपाय केला. त्या रायफलीतून पूर्वी उडालेल्या कोशांवरून चेंबरचं माप काढलं, कारखान्यात परवानगी घेऊन नवं गेज बनवलं आणि प्रमाणपत्रासह बाबांना दिलं. त्यांनी प्रमाणपत्र चष्मा लावून वाचलं. “आकडे सुंदर आहेत,” म्हणाले. मग त्याची नीट घडी घालून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारली. टेबल डुगडुगायचं थांबलं. “पण हे माप तुझं झालं. त्यांचं कुठंय?” आजोबांच्या गेजातून न गेलेलं काडतूस ते आजोबांच्या रायफलीत घालणार नाहीत, आणि दुसरी रायफल घेऊन जाणार नाहीत. सोळा वर्षांनी लागलेला परवाना शनिवारी घरातच बसेल. माझ्या गेजमध्ये दोष नाही, हे मात्र इथे नोंदवून ठेवते.

बाकी सर्व ठीक. थंडी वेळेवर आली. गुडघ्याला जप.

तुझी,
सिग्ने

ता. क. १. सप्टेंबरमध्ये चर्चच्या जुन्या वस्तूंच्या विक्रीतून तू एक पोलादी वस्तू नेलीस. तिच्यावर ‘मीठदाणी, झाकण हरवलेलं’ अशी चिठ्ठी होती. तुझ्या फोटोत, केकच्या डावीकडे, तिच्यात मेणबत्ती आहे.

ता. क. २. ती एकतिसावी वस्तू. विक्रीला मीच दिली होती, चिठ्ठीचं अक्षर माझं आहे. दोन्हीकडून आरपार भोक असलेल्या वस्तूत मीठ राहत नाही, हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं. मेण कृपया सुरीने खरवडू नकोस. गरम पाण्यात ठेव, मऊ कापडाने पूस आणि लोकरीच्या मोज्यात गुंडाळून पाठव. बाबांना मी सांगेनच. योग्य वेळ पाहते आहे.

ता. क. ३. वरचं लिहीत असताना बाबा पोस्टाची तिकिटं शोधायला आत आले. कोणाला पत्र, विचारलं. तुला, म्हटलं. ते दारापर्यंत गेले आणि पाठमोरेच म्हणाले, “तिला विचार, मेणबत्ती किती थाऊंची बसते.” खिडकीतून पाहिलं तर ट्रकमध्ये मामाची स्वयंपाकाची पेटी आधीच ठेवलेली होती. तिच्यावर धूळ होती, सुमारे दोन आठवड्यांची. तुझा फोटो येऊन तेवढेच दिवस झाले, म्हणजे बाबांनी ते तेव्हाच ओळखलं होतं. तेव्हा मामाच्या जागेची काळजी करू नकोस. तंबूत तिसऱ्या माणसाची, म्हणजे माझी, जागाही आहे म्हणे, आणि बाबा मला नख फिरवायला शिकवणारही आहेत. फक्त गेज हवं. ते टपालाने निघालं की नाही, हे बुधवारपर्यंत, २२ तारखेपर्यंत, कळव. उत्तर बाबांच्या नावाने पाठवलंस तरी चालेल.