तगरीच्या कळ्या

धुळे, सोमवार

तीर्थरूप अक्कास,
लोटनचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

गेल्या बुधवारी पहाटे नेहमीसारखी महादेवासाठी फुलं तोडली. तू दिलेल्या फांदीची तगर आता माझ्या खांद्याला लागते. ती पांढरीशुभ्र फुलली की दिवसभर मन हलकं राहतं. झेंडूही छान धरलाय. शेजारच्या बेबाबाईंनी परडीत पाहिलं आणि हसल्या, "काय भाऊ, डोया शेतस का बटन? बठ्ठ्या कळ्याच तोड्यात ना!"

डोळ्यांना बटणं म्हणाल्या म्हणून मीही हसलो. देवासाठी कळी खुडू नये, हे तूच मला लहानपणी शिकवलंस. पण अक्का, मला ती उमललेली फुलंच दिसली होती.

घाबरू नकोस, साधा मोतीबिंदू आहे. शुक्रवारी तपासून घेतलं, ऑपरेशननं जातो म्हणाले. तुझे गुडघे कसे आहेत? अंगणातल्या जास्वंदीला पाणी कोण घालतं?

एक मात्र तुझ्यापासून लपवत नाही. त्या बुधवारनंतरही शनिवारपर्यंत मी शाळेची बस चालवली. नोकरी जाईल अशी भीती होती. मागे पोरं गाणी म्हणायची आणि मी प्रत्येक वळणावर महादेवाचं नाव घ्यायचो.

आज पहाटे तगरीपाशी गेलो, पण हात लावायचा धीर झाला नाही. रिकामी परडी घेऊन देवापुढे बसलो. मग पायीच शाळेत गेलो, बसची किल्ली मोठ्या सरांच्या टेबलावर ठेवली आणि सगळं खरं सांगून टाकलं.

तुझा धाकटा,
लोटन