श्वास घ्यायची पाळी

चि. लेकीस, आईचे पोटभर आशीर्वाद.

मी सांगतेय, तुझी पोरगी लिहितेय. अक्षराला नावं ठेवायची तर तिला ठेव. शिक्षण सोडून घरी येते म्हणून बॅग भरून बसली होती ना, जिच्या सोबतीला मी इथे खोलीवर येऊन राहिले, ती आता विद्यापीठाच्या गायकवृंदात गाते.

पहिल्या दिवशी लांबलचक ओळ एका दमात ओढायला गेली आणि वांग्यासारखी जांभळी पडली. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "अगं, एकटीने ओढू नकोस. तू श्वास घेशील तेव्हा शेजारीण सूर धरेल, ती घेईल तेव्हा तू."

काल तालमीला मीही जाऊन बसले. मध्येच ही गप्प झाली आणि मी जागची उठलेच. पण शेजारची उंच पोरगी गातच राहिली. हिने निवांत श्वास घेतला आणि पुन्हा सुरात मिसळली. गाणं कुठे तुटलं नाही.

जेवते नीट. थोडा खोकला आहे. तो लिहायला तयार नव्हती, मी लिहायला लावला. जावईबापूंचा गुडघा कसा आहे?

तालमीहून आल्यावर तिने आपणहून बॅग रिकामी केली. आता तीत माझी लुगडी भरते. मला न्यायला ये.

तुझी, अंगठा उठवणारी पण जिभेने तिखट,
आई