आईंच्या प्रार्थनेची मधली ओळ

१२ जून

ख्रिस्तात प्रिय भाऊजी यांस,
वहिनीचा सप्रेम सलाम.

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तुम्ही आधी घाबराल, मग रागवाल आणि मग ते फोडाल, असा माझा अंदाज आहे. म्हणून आधीच सांगून टाकते, इकडे आम्ही दोघं आहोत, घर आहे, सगळं ठीक आहे.

तुमचा पत्ता जहाज कंपनीच्या कचेरीतून मिळवला. जहाज सोडून तुम्ही गोदीत विजेच्या दुरुस्तीचं काम धरलंत, हे तिथल्या बाईंनीच सांगितलं. बरं केलंत. माणसाने कधीतरी जमिनीला पाय लावावेत.

स्वयंपाकघराचं दार फुगलं होतं, ते सुताराने इतकं तासलं की आता लागतं पण मिटलेलं राहत नाही. चष्म्याच्या दुकानातलं माझं काम चालू आहे. काचा घासायचं नवं यंत्र आलंय. त्याला सगळं कळतं असं मालकांना वाटतं. पण काच फ्रेममध्ये बसेना की हाक मलाच येते. ह्यांची ड्रायव्हिंग शिकवायची गाडी सध्या कापड घालून उभी आहे. जरा विश्रांती हवी होती ह्यांना.

हे आजकाल फार बोलत नाहीत. हसू नका. गल्लीत ज्याला सगळे भोंगा म्हणत, त्याच माणसाबद्दल लिहितेय.

कबरस्तानात जे झालं, त्याबद्दल मी काही लिहीत नाही. तो तुम्हा दोघा भावांचा प्रश्न, आणि दोघांची डोकी एकाच दगडातून घडवलेली. मला एक लहानसं काम आहे. तुम्ही दोघं लहान असताना आई रोज सकाळी तुम्हाला समोर बसवून एक प्रार्थना म्हणवून घ्यायच्या ना, ती पूर्ण लिहून पाठवाल का? मी लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही जहाजावर लागला होतात, आणि आई ती आपल्या खोलीत एकट्याच म्हणायच्या. ‘प्रभू, सकाळ तुझी, घर तुझं, आम्ही तुझे. आज हाताला येईल ते नीट करू दे, तोंडाला येईल ते गोड असू दे,’ एवढं कानावर पडायचं. मग दार लागायचं.

आम्ही हल्ली रोज सकाळी चहाआधी बसतो. ह्यांनाही तेवढंच येतं आणि पुढे गाडी अडते.

माझं म्हणाल तर प्रार्थनेच्या बाबतीत मी जन्माची आळशी. रविवारी उपासनेला जायचं, आणि एरवी कुणाला ताप आला किंवा पाकीट हरवलं की देवाला हाक मारायची. रोज बसायला लागल्यापासून कळतंय की हे काम किती अवघड आहे. डोळे मिटले की देव सोडून सगळं आठवतं. काल मी प्रभूपुढे बसून पूर्ण वेळ एका गिऱ्हाइकाच्या काचेचा नंबर जुळवत होते. तरी बसते.

तेवढं लिहून पाठवा. फोन करू नका, आमचा फोन जरा बिघडलाय.

तुमची,
वहिनी


३० जून

प्रिय भाऊजी,
सलाम.

तुमचं उत्तर आलं. आईंची अख्खी प्रार्थना, आणि खाली तुमचं एक वाक्य: ‘दादा आईची ओळ विसरेल हे मला पटत नाही, वहिनी, घरात काय झालंय?’

फोन बिघडलेला नाही. मी खोटं लिहिलं. फोन केला असतात तर तुम्ही म्हणाला असतात, ‘त्याला द्या,’ आणि मी कुणाला देणार होते?

उन्हाळा लागत होता तेव्हाची गोष्ट. हे एका मुलीला गाडी शिकवत होते. तिला अजून गिअर धड पडत नव्हता. बाजारातल्या वळणावर हे ‘डावीकडे’ म्हणायला गेले आणि तोंडातून नुसता शब्दांचा काला बाहेर पडला. तिला वाटलं, सर थट्टा करतायत. मग ह्यांचा उजवा हात मांडीवरून खाली लोंबला. त्या पोरीने काय केलं असेल? रडली नाही, थांबली नाही. सरळ मोठ्या दवाखान्याच्या दारात गाडी नेऊन उभी केली. वाटेत एकदाही बंद पडू दिली नाही. मला फोनवर म्हणाली, ‘काकू, सर आत आहेत. आणि मी एकटीने चालवली.’ मग मात्र हुंदके देऊन रडली.

मेंदूत गुठळी होती. जीव वाचला. पाय चालतोय, काठी लागते. उजवा हात हळूहळू येतोय. वाचा गेली.

अगदीच गेली असंही नाही. एक शब्द उरला. भाऊजी, तुम्ही हसलात तरी चालेल, आम्हीही हसतो. तो शब्द आहे ‘क्लच’. चहा हवा का? क्लच. कुठे दुखतंय? क्लच. डॉक्टरांनी विचारलं, ही तुमची कोण? माझ्याकडे बघून, डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, ‘क्लच.’ जन्मभर दुसऱ्यांना ओरडून सांगितलेला शब्द तेवढा जिभेला चिकटून राहिला.

मी तेव्हाच तुम्हाला कळवायला फोन उचलला होता. ह्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं. डोळ्यांनी नको म्हणाले. मला कारण कळलं. आईंना माती देऊन झाल्यावर तुम्ही धावतपळत पोचलात, आणि सगळ्या मंडळींसमोर हे म्हणाले, ‘आता कशाला आलास? माती टाकायला माणसं होती की.’ ज्या तोंडाने ते म्हटलं, ते तोंड असं झालेलं तुम्हाला दिसू नये, एवढीच ह्यांची धडपड. मी ऐकलं. पण दुसऱ्याची लाज सांभाळणं सोपं नसतं भाऊजी, पाठ मोडते.

वाचेचे व्यायाम घ्यायला एक बाई येतात. त्या म्हणाल्या, ‘नवं बोलता येत नाही, पण लहानपणी पाठ झालेलं कधीकधी आपोआप बाहेर येतं. रोज, ठरलेल्या वेळी, तेच ते म्हणा. यश येवो न येवो, खंड पाडू नका.’ मी पाढे म्हणून पाहिले. गाणी म्हणून पाहिली. ह्यांनी तोंड फिरवलं. मग एका सकाळी चहा गाळता गाळता, दुसरं काही सुचेना म्हणून, मी म्हटलं, ‘प्रभू, सकाळ तुझी...’

आणि पाठीमागून आवाज आला, ‘घर तुझं, आम्ही तुझे.’

स्पष्ट, भाऊजी. पूर्वीच्या भोंग्याचा आवाज. कप कधीच भरला होता आणि मी ओतत राहिले होते.

तेव्हापासून आम्ही बसतो. म्हणजे बघा, मी सुरुवात केली ती भक्तीने नाही, औषध म्हणून. गोळ्या द्यायच्या तशी प्रार्थना द्यायची. कित्येक सकाळी मी रागात बसले आहे. आपल्या चर्चच्या पाळकसाहेबांना मी ते सांगितलंही. म्हटलं, ‘मन नसताना देवापुढे बसणं म्हणजे ढोंगच ना?’ ते म्हणाले, ‘मन लागल्यावर बसेन म्हणाल तर जागा कायमची रिकामी राहील. तुम्ही बसा. राग आला असेल तर राग घेऊन बसा. मन उशिरा येणारा पाहुणा आहे, पण दार उघडं दिसलं की येतं.’

तर तुम्ही पाठवलेली ओळ. मी ती दुकानाच्या मागच्या खोलीत वाचली.

‘थोरल्याच्या जिभेला लगाम दे. धाकट्याच्या पावलांना घराची वाट दे.’

म्हणून हे तिथे अडत होते! विसरले नव्हते. रोज सकाळी त्या लगामापर्यंत यायचे आणि थांबायचे. आईंनी मागितलं आणि देवाने असं दिलं, असंच हा माणूस मनाशी धरून बसला असणार. मलाही तसंच वाटलं. आईंचा राग आला, देवाचा तर विचारू नका. दोन सकाळी मी बसलेच नाही. ह्यांच्यापुढे कप ठेवला आणि कामाला निघून गेले. हे दारापर्यंत काठी टेकत आले, ‘क्लच’ म्हणाले, मी वळून पाहिलं नाही.

पुन्हा पाळकसाहेबांकडे गेले. ते म्हणाले, ‘लगाम घोड्याला घालतात ना? घोडा मारायला नाही घालत, नेमक्या वाटेने न्यायला घालतात. आईने लेकाची जीभ काढून घे असं कधी मागितलं असेल का? आजार आजाराच्या वाटेने आला. त्याचं खापर त्या माउलीच्या प्रार्थनेवर फोडू नका.’

दुसऱ्या सकाळी मी ह्यांच्यासमोर बसले आणि ती ओळ मोठ्याने म्हटली. थोरल्याच्या जिभेला लगाम दे. हे माझ्याकडे बघत राहिले. मी पाळकसाहेबांचं म्हणणं सांगितलं, माझ्या शब्दांत, अडखळत. आणि मग तुम्ही लिहिलेलं शेवटचं वाक्य वाचलं, ‘दोघांतला जो आधी रुसेल त्याला आधी हसव, आमेन.’

भाऊजी, हे हसले. दवाखान्यातून आल्यापासून मनापासून हसलेले मी पाहिले नव्हते. पोट धरून हसले, मग रडले, मग बोटाने टेबलावर टकटक केलं, पुन्हा वाच. मी वाचलं. पुन्हा टकटक. तेव्हा समजलं, ह्यांना मधलीच ओळ पुन्हा पुन्हा ऐकायची होती. दुसरा भाग. धाकट्याचा.

चौथ्या की पाचव्या खेपेला ह्यांनी ती माझ्याबरोबर म्हटली, आणि शेवटी एक शब्द स्वतःचा जोडला. ‘ये.’

मी तुम्हाला या म्हणत नाही. तो अधिकार माझा नाही. ह्यांनी म्हटलं, ते पोचवलं.

वहिनी


२१ ऑगस्ट

प्रिय भाऊजी,
सप्रेम सलाम.

सुखरूप पोचल्याचा निरोप मिळाला. तुम्ही गेल्यावर घर मोठं वाटतंय.

दारात ह्यांनी तुम्हाला पाहून ‘क्लच’ म्हटलं आणि तुम्ही बॅग खाली न ठेवताच म्हणालात, ‘दाबलाय दादा, गाडी घाल पुढे!’ ह्यावर हे अजून हसतात. वाचेच्या बाईंना ते सांगण्याचा खटाटोप चालला होता, खाणाखुणा करून. अर्धा तास गेला. बाई म्हणाल्या, ‘हाच आजचा व्यायाम!’

तुम्ही दोघं मागच्या पायरीवर दुपारभर बसला होतात, त्या वेळी काय बोलणं झालं हे मी विचारणार नाही. एकाला बोलता येत नाही, दुसऱ्याला बोलायची सवय नाही. पण आत आलात तेव्हा ह्यांचा उजवा हात तुमच्या खांद्यावर होता. उजवा. तो हात तितका वर जातो हे मला माहीत नव्हतं.

आता खरं सांगायचं ते. तुम्ही होतात तोवर तीन आवाज होते, प्रार्थना आपोआप व्हायची. तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्याच सकाळी मला जाग उशिरा आली, दुकानात माल यायचा होता, मी म्हटलं आजचा दिवस राहू दे. माझी सवय अजून किती कच्ची आहे बघा. चप्पल पायात घालत होते, तर आतून टेबलावर टकटक. मी म्हटलं, ‘अहो, आज नाही, उशीर झालाय.’ पुन्हा टकटक. मी चिडून आत गेले आणि म्हटलं, ‘हं, म्हणा लवकर.’ खुर्चीसुद्धा ओढली नाही.

ह्यांनी डोळे मिटले. मी वाट पाहिली, ‘सकाळ तुझी’ची. ते आलंच नाही. ओठ हलत होते, पण आईंची प्रार्थना नव्हती ती. काहीतरी स्वतःचं जुळवत होते. एकेक शब्द विहिरीतून ओढावा तसा. चेहरा लाल झाला. मला वाटलं, थांबवावं. थांबवलं नाही.

‘देवा,’ म्हणाले. मग बराच वेळ काही नाही. मग, ‘हिला.’ पुन्हा शांतता. ‘हिला... बसू दे.’

एवढंच. आमेनही म्हणायचं राहिलं.

लग्न झाल्यापासून ह्या माणसाने माझ्यासाठी केलेली प्रार्थना मी पहिल्यांदा ऐकली. सगळे येतात, ह्यांची चौकशी करतात, मीही ह्यांचीच खुशाली सांगते. मी कशी आहे हे मला कुणी विचारलं नाही, आणि खरं म्हणजे मीही देवाला कधी सांगितलं नव्हतं. थकलेय भाऊजी. तुम्हाला पहिल्या पत्रापासून हे लिहायचं होतं आणि मी दाराच्या आणि यंत्राच्या गोष्टी लिहीत बसले.

मी खुर्ची ओढली. चप्पल काढली. दुकानात फोन करून सांगितलं, उशिरा येईन. मग आम्ही दोघं नुसते बसलो. मी डोळे मिटले. एकही काच, एकही नंबर आठवला नाही. काय मागावं तेही सुचलं नाही. पण समोर कुणीतरी आहे आणि त्याला घाई नाही, एवढं कळत होतं. चहा निवला. पुन्हा गरम केला आणि प्यायलो.

आज सकाळी ह्यांनी त्या गाडी चालवणाऱ्या मुलीसाठी प्रार्थना केली. तिचं नाव काही आलं नाही. ‘ती... सरळ... नेली,’ म्हणाले. देवाला कळलं असणार.

उद्या ह्यांच्या प्रार्थनेत तुमची पाळी आहे. शब्द कोणते येतील ते मी सांगू शकत नाही. सकाळी, चहाच्या आधी, तुम्हीही तिकडे जरा बसा.

निवांत बसून, सावकाश लिहिणारी,
तुमची वहिनी