पिळलेलं फडकं

नानाय, माझ्या आई,

तू चर्चमधून घरी येशील तेव्हा मी मनिलाच्या बोटीत असेन आणि परवा हाँगकाँगला, कामावर. रविवारी निघते म्हणाले होते, ते खोटं होतं. तुझ्यादेखत पिशवी उचलली असती तर माझा पाय निघाला नसता.

पेरूची जेली करून ठेवलीय. अर्धे पेरू कच्चेच घेतले, त्यामुळे छान आळलीय. पण रात्रभर उकडलेल्या पेरूंचं फडकं टांगून रस ठिबकू द्यायला वेळ कुठला? मी फडकं पिळलं. "पिळलंस की जेली गढूळ, बाईची घाई बरणीत दिसते," असं तू मला लहानपणापासून सांगत आलीस. तशीच दिसतेय. शेजारची पिलार बरणी उजेडात धरून नाक मुरडेल. पेरूंवर ढकलू नकोस, सरळ माझं नाव सांग.

पिळायच्या आधी आपसूक ठिबकलेल्या रसाची जेली एकच छोटी बाटलीभर निघाली. ती काचेसारखी स्वच्छ आहे. ती माझ्या लेकाची, तोन्योची. त्याला शाळेतून तूच आण. मी त्याला काहीच सांगितलेलं नाही, सकाळी नेहमीसारखा डबा दिला. आधी त्याला पावाला जेली लावून दे. पाव खाऊन झाला की मग सांग.

लिगाया