मोरॅगबाईंचा पाळणा

प्रिय दुर्वा,

फोनवर चार वेळा सांगायला घेतलं आणि चारही वेळा गाडी हवापाण्यावर नेली, म्हणून लिहितोय. पुढच्या रविवारी तुझ्या बाळाच्या बारशाला मी नागपूरला येतोच आहे. पण तू सांगितलेला आपला तो पाळणा गाऊ की नको, हेच मला कळेनासं झालंय.

मोरॅगबाई आठवतात ना? सदर बाजारातल्या जुन्या सामानाच्या दुकानात मिळालेली ती स्कॉटलंडच्या लोकगायिकेची कॅसेट? कारखान्यातून आलो की तीच लागायची. शब्द एक कळत नव्हता, पण एका गाण्याची चाल इतकी मऊ, की तुझ्या बारशाला तुझ्या आईनं तिच्यावर मराठी पाळणा रचला. तेव्हापासून आपल्या कारखान्याच्या रांझीतल्या क्वार्टरांतलं एकही मराठी बाळ त्या चालीशिवाय पाळण्यात घातलं गेलं नाही. पेटीवर मी, नाव बाळाचं, चाल मोरॅगबाईंची.

परवा शेजारच्या बेबीताईंच्या सुनेला, अनुष्काला, ती कॅसेट ऐकवली. ती कॉलेजात इंग्रजी शिकवते. ऐकता ऐकता तिनं ती मधेच थांबवली. मग हळूच म्हणाली, की हा पाळणा नाही, समुद्रात बुडालेल्या नवऱ्यासाठी बायकोनं केलेला विलाप आहे. मी हादरलोच. तीस वर्षं आपण बारशाला हे गात आलो! बेबीताई म्हणतात, काहून एवढा विचार करून राहिले भाऊजी, पोरं तर सगळी धडधाकट आहेत. तेही खरं. तुझी आई असती तर आधी पोटभर हसली असती, मग काहीतरी ठरवलं असतं. मला दोन्ही जमत नाही.

कॅसेटच्या आतला बारीक अक्षरातला कागदही अनुष्कानं वाचून दाखवला. मोरॅगबाई बंदरावर मासे साफ करायच्या. नवरा गेला तेव्हा मूल दीड महिन्याचं. लोकांसमोर त्या रडल्या नाहीत; मुलाला निजवताना हेच गायच्या. पुढे तिथल्या कितीतरी बायका ते आपापल्या घरी गाऊ लागल्या. मग हा पाळणा म्हणायचा की विलाप? माझा गोंधळ आणखीनच वाढला.

त्या रविवारी बाळाच्या बाबांना, पियूषरावांना, जाऊन पाच महिने होतील. तू एकदाही रडली नाहीस, उलट मलाच धीर देतेस. बारशाला डोळ्यांत पाणी नको म्हणून सगळे तुझ्यासमोर हसतील, तूही हसशील. मला त्याचीच भीती वाटते. म्हणून पेटी घेऊन येतोय, तेच गाईन. बाकीच्यांना तो पाळणाच वाटेल. खरं काय ते तुला माहीत असावं, म्हणून हे पत्र. पाळण्याची दोरी धर आणि रड, बेटा.

तुझाच,
बाबा